नकाशा तिप्पट, वजन सत्तावीसपट

(लेखमाला : रेडिओवर चालणारी बोट, भाग ३)

गेल्या आठवड्यात आपण नकाशा निवडला. त्यातली बोट ३० सेंटीमीटर लांब, ८ रुंद आणि पाण्यात ३ सेंटीमीटर बुडणारी. औशाच्या माळावर वारा सुटला की शेततळ्यातही लाटा उठतात, त्यांत इतकी लहान बोट सावरणार नाही. मोटर, बॅटरी, रिसिव्हर, सुकाणू फिरवणारी सर्वो यांना जागाही हवी. म्हणून बोट ९० सेंटीमीटरची करू.

घरांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात प्लॉटर असतो, तिथे मोठी प्रत काढून घ्या. त्याआधी मूळ कागदावर दहा सेंटीमीटरची एक रेघ आडवी आणि एक उभी मारा. प्रतीवर दोन्ही रेघा बरोबर तीस भरल्या पाहिजेत. एकच भरली, तर ती प्रत वापरू नका, कारण तिच्यावरून कापलेली प्रत्येक फासळी वेडीवाकडी येईल.

खरी गोम वजनात आहे. लांबी तिप्पट झाली की पृष्ठभाग नऊपट होतो आणि आकारमान सत्तावीसपट. बुडणाऱ्या भागाची लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करा. बोट ठोकळ्यासारखी नसते, पुढे निमुळती होते, म्हणून आपल्या आकारासाठी त्याला ०.४५ ने गुणा. मूळ बोटीचं उत्तर येतं ३२४ घनसेंटीमीटर, म्हणजे ३२४ ग्रॅम. मोठीचं ८,७४८, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ किलो! एवढं वजन भरलं तरच ती नकाशातल्या रेषेपर्यंत बुडेल. हलकी ठेवली तर वर तरंगेल आणि पहिल्या वाऱ्याला कलंडेल. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-अडीच किलोची असते, ती अगदी तळाशी बसवा. उरलेली भर शिशाने, तीही तळाशीच.

लाकडाची जाडी मात्र आपोआप तिप्पट करायची नाही, ती मजबुती पाहून ठरवायची. या मापाला ३ मिलिमीटरचा प्लाय पुरतो. नकाशातली रेषा बाहेरच्या अंगाची असेल, तर फासळी कापताना दोन्ही बाजूंनी ही जाडी वजा करा.

वेगाचा हिशोब विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने घालून दिला. त्याने १८७२ च्या सुमारास टॉर्की इथे लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. लांबी तिप्पट, तर वेग तिनाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.७३ पट. तेव्हा लाटा सारख्याच दिसतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या लहान प्रतिकृतींवर लाटा सोडतात, तेही याच नियमाने. म्हणून तिप्पट वेगाची मोटर घेऊ नका. पैसे जातील आणि बोट नाक खुपसेल.

पुढच्या भागात फासळ्या कापू. तोवर एकच विनंती. शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बोट मध्येच बंद पडली तर आत उतरू नका, दोरी टाकून ओढा. मुलांना एकटं पाठवू नका.