जुनं बुलेट इंजिन: आधी तेलाची वाट, मग बेरिंग

मद्रासला १९५५ मध्ये बुलेट तयार होऊ लागली. तेव्हापासून नवं युनिट इंजिन येईपर्यंत ३५० बुलेटचा मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिच कारखान्याचाच राहिला: ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक आणि ओतीव लोखंडाचं बॅरल. हे इंजिन निवांत चालण्यासाठी होतं. आज ते महामार्गावर तासन्‌तास ताणलं जातं, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँकवरचा सांधा) खडखडतो आणि मालक रोलर बेरिंग टाकून मागतो. रोलर जरूर टाकावा, पण जुना बुश कशाने गेला हे आधी शोधावं. बहुतेक वेळा उत्तर तेलाच्या वाटेत सापडतं.

तेल कुठून कुठे जातं

तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, मागच्या बाजूला ओतलेली असते. टायमिंग कव्हरमधला पंप क्रँकच्या टोकावरच्या वर्मने फिरतो. तेल फेल्टच्या फिल्टरमधून जातं आणि कव्हरमधल्या वाटेने क्रँकच्या टोकाच्या भोकात शिरून बिग एंडला पोचतं.

कव्हर स्थिर, क्रँक फिरता. या दोघांच्या सांध्यावर एक लहानसं कॉर्कचं सील असतं. ते आकसलं किंवा बसवताना चेपलं, की तेल बिग एंडपर्यंत न जाता टायमिंग चेंबरमध्येच सांडतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, म्हणून संशयही येत नाही. तिथे चांगल्या रबराचं सील बसवणं हा सगळ्यात स्वस्त बदल, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

बुश की रोलर?

मूळ बिग एंडमध्ये तरंगता बुश असतो. तो पिनवरही फिरतो आणि रॉडच्या डोळ्यातही, त्यामुळे घासण्याचा वेग दोन पृष्ठभागांत वाटला जातो. रचना हुशारीची आहे, पण ती सर्वस्वी तेलाच्या थरावर अवलंबून. थर तुटला की बुश धरतो.

रोलरला तेल कमी लागतं आणि क्षणभराची टंचाई तो सोसतो. मात्र त्यासोबत पिन आणि रॉडही बदलतात. नव्या रॉडचं वजन वेगळं निघालं तर फ्लायव्हीलचा बॅलन्स बिघडतो, म्हणून दोन्ही रॉड तराजूत घालून पाहावेत. क्रँक पुन्हा बांधल्यावर दोन सेंटरमध्ये धरून डायल लावायचा आणि डगमग दोन थाऊच्या (इंचाच्या दोन हजारांशाच्या) आत आणायची. घाईच्या गॅरेजमध्ये हेच काम टाळलं जातं.

मोठा पंप

जास्त क्षमतेचा पंप घालताना एकटा फीड पंप वाढवू नये. क्रँककेसमधलं तेल टाकीत परत नेणारा रिटर्न पंपही तितकाच वाढायला हवा, नाहीतर तेल खाली साचतं, फ्लायव्हील त्यात घुसळत राहतात आणि ब्रीदरमधून तेल बाहेर पडतं. पंपाच्या चकतीचा चेहरा आणि तिची बैठक काचेवर बारीक पेस्टने घासून सपाट केली, तर मूळ पंपही बऱ्याचदा पुरतो.

मेन बेरिंग

केस ॲल्युमिनियमची, बेरिंग पोलादी. गरम झाल्यावर केस जास्त फुगते आणि सैल बसलेलं बेरिंग घरात फिरू लागतं. पंचने टिचे मारून ते घट्ट करण्याची सवय वाईट. घर बोअर करून स्लीव्ह घालावी. बेरिंग बसवताना केस १०० अंशांच्या आसपास तापवली, तर हातोडा लागत नाही.

जोडताना

वर्मच्या नटाचे आटे डावे आहेत, ते विसरून जोर लावला की शाफ्टचे आटे जातात. कव्हर लावण्याआधी क्रँकच्या टोकाच्या भोकात ऑइल कॅनने तेल मारत राहावं, बिग एंडमधून ते बाहेर येईपर्यंत. फिल्टरची पोकळी सुरुवातीला रिकामी असते आणि पंप आधी तीच भरतो, तोवर बिग एंडला नवं तेल मिळत नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं गाडी स्टँडवर संथ चालू द्यावी, रेस करू नये. फिल्टर बदलाल तेव्हाही दर वेळी हेच करावं.