किकला दाद न देणारी बुलेट

मद्रासमध्ये १९५५ साली जिची जुळणी सुरू झाली, ती ३५० सीसीची जुनी बुलेट वारंवार किक मारूनही सुरू झाली नाही, की दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. वस्तुतः प्रथम पाहावयाचे ते किकचा दांडा कसा वागतो हे. तो विरोधाविना खाली जात असेल, तर पायाचा जोर इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. या गाडीत तो जोर गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनाकडे जातो. म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, क्लच न दाबता ढकलून पाहावी. चाक फिरूनही इंजिन फिरत नसेल, तर क्लच निसटत आहे. पुष्कळदा त्याची तारच अधिक ताणलेली असते. इंजिन फिरले, तर किकचे दाते झिजले आहेत असे समजावे.

दांडा उलटा फटका देत असेल, तर प्रकरण गंभीर. त्याने घोटाही मोडू शकतो. ठिणगी वेळेआधी पडत असल्याचे ते लक्षण होय. पॉइंटांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. ती वाढल्यास पॉइंट लवकर उघडतात.

याउपरही इंजिन मुकेच राहिले, तर प्लग काढावा. तो कोरडा असल्यास आधी टाकीची तोटी पाहावी, मग कार्ब्युरेटर. ओला असल्यास पुसून, प्लगच्या छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारावी व ठिणगी पडते का ते पाहावे.