शिदोरी किती दूर जाते?

महाशिवरात्र जवळ आली की भंडारा जिल्ह्यातल्या अनेक गावांतून माणसे 'महादेवाला' निघतात. ज्यांना दूर जाणे जमत नाही ते तुमसर तालुक्यातल्या गायमुखच्या यात्रेला जातात. बाकीचे सातपुड्यात, पचमढीजवळच्या चौरागडाकडे. चौरागडाचे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि भंडारा शहर जेमतेम अडीचशे मीटरवर. नवसाचे लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन हा डोंगर चढणारे भाविक अनेकांनी पाहिले असतील. आपण मात्र त्रिशुळाचा नव्हे, शिदोरीचा विचार करू.

समजा, एका घरातली चार माणसे डोंगरातून पायी निघाली आहेत. मागे राहिलेला भाऊ त्यांना वाटेत गाठून शिधा पोचवणार आहे. त्याच्या खांद्यावर १५ किलो ओझे आहे. हे ओझे डोंगरावर चढवायला त्याला किती खावे लागेल?

आठवी-नववीचे विद्यार्थी हे गणित करू शकतील. १५ किलो वजन १,००० मीटर उचलण्याचे कार्य १५ × ९.८ × १,००० म्हणजे १,४७,००० ज्यूल, अर्थात सुमारे ३५ किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कार्यात बदलतात, उरलेली उष्णता होते (म्हणून तर चढताना घाम येतो). तेव्हा प्रत्यक्षात १४० किलोकॅलरी लागतील. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सगळे ओझे एक किलोमीटर उंच चढवायला अवघे ४० ग्रॅम तांदूळ, एक मूठ! सपाटीवरच्या चालीचा आणि उतरताना स्वतःला सावरण्याचा खर्च धरला तरी आणखी एक-दोन मुठी. आम्ही हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा शून्य चुकले की काय म्हणून पुन्हा तपासले होते.

मग अडते कुठे? अडते ते वाहणाऱ्याच्या पोटापाशी. ओझे असो वा नसो, दिवसभर डोंगरात चालणाऱ्या माणसाला सुमारे ३,००० किलोकॅलरी, म्हणजे अंदाजे ८०० ग्रॅम कोरडा शिधा लागतो. भावाला जायला दोन दिवस आणि परतायला दोन दिवस लागले, तर ३.२ किलो तोच खाईल. उरलेले ११.८ किलो चौघांना साडेतीन दिवसांहून थोडे अधिक पुरतील. पाच दिवसांच्या वाटेवर मात्र तो ८ किलो खाईल आणि चौघांच्या हाती दोन दिवसांचाच शिधा पडेल. वाट नऊ दिवसांची असेल तर १५ किलोंपैकी १४.४ किलो त्याच्याच पोटात जातील. तो पोचेल, शिधा पोचणार नाही. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेला साडेतीनशेहून अधिक हमाल लागले, त्यामागे हेही एक कारण होते: हमालांच्या पोटासाठी आणखी हमाल.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती दुहेरी आहे. शिजलेल्या भाताचे दोन तृतीयांशाहून अधिक वजन पाण्याचेच असते. (वर्गात वाटीभर तांदूळ शिजवण्यापूर्वी आणि नंतर तोलून पाहावेत.) घरून १५ किलो भात रांधून नेला तर भाऊ जेमतेम ५ किलो तांदूळ आणि १० किलो पाणी वाहून नेत असतो. त्यात धोकाही आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. झाकलेल्या डब्यात, उन्हात, कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. आडरानात उलट्या सुरू झाल्या तर अंगातले पाणी झपाट्याने कमी होते आणि दवाखाना एका डोंगरापलीकडे असतो. डब्यातला भात 'उकळून घेतला की झाले' असे मानू नये.

धानाच्या या जिल्ह्यात यावर जुना उपाय आहे, तो म्हणजे पोहे. धान भिजवून, भाजून, चेपून पोहे होतात. त्यांतला स्टार्च घरीच शिजलेला असतो आणि पाणी निघून गेलेले असते. डोंगरावर फक्त भिजवायचे. सरपण लागत नाही, आणि सातपुड्याच्या राखीव जंगलात लाकूड तोडण्याचा प्रश्नही येत नाही. सोबत शेंगदाणे आणि जवसाची चटणी असावी. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी असतात, पिष्टात ४. त्याच वजनात जास्त दिवस निघतात.

पिण्याचे पाणी मात्र कोणीही पुरवू शकत नाही. चढणीवर माणशी चार लिटर धरले तरी चौघांचे रोजचे १६ किलो होतात, म्हणजे भावाचे सगळे ओझे आणि वर एक किलो. पाणी वाटेतच मिळवायला हवे, आणि ओढ्याचे असेल तर उकळायला हवे. पोहे भिजवायचे पाणीसुद्धा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते हे खरे, पण १,३०० मीटरवरही उत्कलनबिंदू ९५ अंश सेल्सिअसच्या वरच असतो. खळखळून एक मिनिट उकळले की पुरे. भात शिजायला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

आता भावाच्या गणिताकडे परत येऊ. त्यातली ८०० ग्रॅमची वजाबाकी शून्य करता आली तर? पचमढीच्याच डोंगरात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा भरते. विदर्भातली सेवामंडळे तिथे वाटेवर अन्नछत्रे चालवतात. त्या पंगतीला आपल्याकडे भंडाराच म्हणतात; जिल्ह्याच्या नावाशी जुळणारा हा शब्द इथे कामाला येतो. वाहणारा तिथे जेवला की त्याच्या खांद्यावरचे १५ किलो १५ किलोच राहतात, वाट दोन दिवसांची असो की नऊ. अन्नछत्राचे धान्य अर्थातच कुणीतरी आधी वर चढवलेले असते. ते किती माणसांनी, किती फेऱ्यांत चढवले असेल, याचे उदाहरण विद्यार्थ्यांना याच आकड्यांवरून घालता येईल.