खुनी नायक आणि आपली सहानुभूति

जुन्या धाटणीच्या रहस्यकथेंत प्रश्न एकच असे : खून कोणीं केला? उत्तर सांपडलें कीं वाचक पुस्तक मिटून निश्चिंतपणें झोपीं जाई. मानसशास्त्रीय रहस्यकथेनें ही सोय ठेविली नाहीं. खुनी कोण हें ती पुष्कळदां लवकरच सांगून टाकते, आपल्याला त्याच्या शेजारीं नेऊन बसविते, आणि तो पकडला जाऊं नये असें आपल्याला कां वाटूं लागलें, हा अधिक अवघड प्रश्न पुढें ठेविते. अशा कांहीं बोलपटांविषयीं आज बोलावयाचें आहे.

आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' हा १९६० सालचा. रॉबर्ट ब्लॉकच्या ज्या कादंबरीवरून तो घेतला, तींत नॉर्मन बेट्स हा चाळिशीचा, स्थूल, चष्मा लावणारा आणि मद्याच्या आहारीं गेलेला गृहस्थ आहे. तो तसाच पडद्यावर आला असता तर प्रेक्षकांनीं त्याला पाहतांच नाक मुरडलें असतें. हिचकॉक आणि पटकथालेखक जोसेफ स्टेफानो यांनीं त्याच्या जागीं अँथनी पर्किन्स हा सडपातळ, लाजाळू, बोलतांना अडखळणारा तरुण आणला. मालकानें बँकेंत भरावयास दिलेले ४०,००० डॉलर घेऊन पळालेली मॅरिअन भर पावसांत त्याच्या आडवाटेवरील मोटेलमध्यें उतरते. तो तिला सँडविच आणि दूध देतो, घरच्या आईविषयीं अर्धेंमुर्धें बोलतो. त्याच रात्रीं तिचा खून होतो, आणि तो त्या आईनेंच केला असें आपण समजतों.

यापुढें हिचकॉक मुळींच घाई करीत नाहीं. नॉर्मन न्हाणीघर धुतो, फरशी पुसतो, प्रेत मोटारीच्या मागील पेटींत ठेवतो आणि मोटार दलदलींत लोटतो. आईनें करून ठेविलेलें आज्ञाधारक मुलानें निस्तरावें, तसें तें चाललेलें असतें. मोटार बुडूं लागते आणि मध्येंच थबकते. नॉर्मन कावराबावरा होतो. श्रोतेहो, त्या क्षणीं प्रेक्षागारांतील सज्जन माणसें काय इच्छितात? मोटार बुडावी!

नॉर्मनची वकिली येथें कोणीं केलेली नाहीं. पण कोणाचेंही काम आपण जवळून, खंड न पडतां पाहूं लागलों कीं तें तडीस जावें असें आपोआप वाटतें. परक्याच्या घरीं तव्यावरची पोळी फुगावी असें नाहीं का आपल्याला वाटत? म्हणूनच ही सहानुभूति मला थोडी स्वस्त वाटते. जिच्यासाठीं घटकेपूर्वीं आपला जीव टांगणीला लागला होता, ती मॅरिअन त्याच मोटारीच्या पेटींत आहे, याचा आपल्याला विसर पडलेला असतो.

शेवटीं एक मनोवैद्य येऊन नॉर्मनच्या रोगाचा उलगडा करतो. तो प्रवेश नुसता कंटाळवाणा नाहीं, अपायकारकही आहे. असलें सुबक निदान ऐकून घरीं गेलेला प्रेक्षक शेजारच्या मनोरुग्णाकडे भीतीनें पाहूं लागला तर नवल नाहीं. वास्तविक बहुतेक मनोरुग्ण कोणासही इजा करीत नाहींत. इतरांच्या हिंसेलाच ते अधिक बळी पडतात.

मायकेल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' हा इंग्रजी बोलपटही त्याच वर्षींचा. त्यांतील मार्क स्त्रियांना ठार करतो आणि मरणाच्या वेळचें त्यांच्या मुद्रेवरील भय कॅमेऱ्यानें टिपतो. हें वेड आलें कोठून? त्याचे वडील शास्त्रज्ञ. भयाचा अभ्यास करण्यासाठीं त्यांनीं लहानग्या मार्कला रात्रीं जागें करून, अंथरुणावर सरडा टाकून, त्याच्या घाबरण्याचीं चित्रें घेतलेलीं असतात. तीं आपणही पाहतों. बापाची भूमिका पॉवेलनें स्वतः केली आणि बालक म्हणून आपल्याच मुलाला उभें केलें. कॅमेरा रोखणारा दिग्दर्शकही निर्दोष नाहीं, ही त्यांतील कबुली लंडनच्या टीकाकारांना मानवली नाहीं. ते बोलपटावर तुटून पडले आणि पॉवेलच्या कारकीर्दीला जबर धक्का बसला.

या दोहोंहून जुना, आणि माझ्या मतें श्रेष्ठ, असा बोलपट म्हणजे फ्रिट्झ लांगचा जर्मन 'एम', १९३१ सालचा. लहान मुलींना मारणारा हान्स बेकर्ट आरंभीं केवळ एक सावली आणि एक शीळ आहे. एल्सीचा खून लांग दाखवीतच नाहीं. तिच्यासाठीं मांडलेलें रिकामें ताट, घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा, एवढेंच दिसतें. पुढें शहरांतील चोर-दरोडेखोरच बेकर्टला पकडून एका बंद पडलेल्या दारूच्या कारखान्यांत त्याच्यावर खटला भरतात. पीटर लोरेनें रंगविलेला हा लठ्ठ, घामाघूम मनुष्य किंचाळत सांगूं लागतो कीं आपल्या हातून जें होतें तें आपल्याला आवरत नाहीं, आंतलें कोणी तरी आपल्याला रस्त्यारस्त्यांतून हांकीत नेतें. तें ऐकून जमलेल्या गुन्हेगारांपैकीं कांहीं जण नकळत माना हलवितात. आपल्यालाही त्याची दया येते. पण तें रिकामें ताट डोळ्यांपुढून हलत नाहीं, आणि तें हलूं नये अशीच लांगची योजना आहे.

जमाव बेकर्टच्या अंगावर धांवून जातो, तोंच पोलीस येतात. खरें न्यायासन बसतें, पण निकाल आपल्याला ऐकूं येत नाहीं. काळ्या वस्त्रांतील तीन आया बाकावर रडत बसलेल्या असतात. त्यांतील एल्सीची आई म्हणते कीं यानें आमचीं मुलें परत येणार नाहींत.