हवाई आदरातिथ्याचा ताळेबंद

‘अमुक कंपनीच्या विमानात खायला चांगले देतात’, ‘तमुक कंपनीच्या मुली धड हसतही नाहीत’, ‘त्या दुसरीत तर पाण्यावाचून काही मिळत नाही’ अशी शेरेबाजी हल्ली लग्नसमारंभांपासून सोसायटीच्या सभेपर्यंत कोठेही ऐकू येते. विमानप्रवास ही मूठभरांची मिरासदारी राहिलेली नाही, याचीच ही खूण. माजिवड्याच्या नाक्यावर, जेथे घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो, तेथून पहाटेच्या विमानासाठी निघणाऱ्या गाड्या आता रोजच्याच झाल्या आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाल्याने ठाणे-कल्याणकरांपुढे कंपन्यांबरोबर विमानतळांचीही निवड उभी राहिली आहे. अशा वेळी विमानातील सेवेची तुलना नेमकी कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

महाराजांचे दिवस

भारतातील हवाई आदरातिथ्याची परंपरा मुंबईत घडली. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर विमान उतरवले. पुढे ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला झेपावले आणि एअर इंडिया जगाच्या नकाशावर आली. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी साकारलेला ‘महाराजा’ हा या सेवेचा चेहरा ठरला. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाल्यानंतरही जे. आर. डी. १९७८ पर्यंत एअर इंडियाच्या अध्यक्षपदी होते. स्वतः प्रवास करताना पडदे, चहा, स्वच्छतागृह अशा बारीकसारीक गोष्टींतील उणिवा टिपून त्या संबंधितांना कळवण्याची त्यांची सवय प्रसिद्धच आहे.

मात्र देशांतर्गत प्रवाशाला तेव्हा निवड नव्हती. इंडियन एअरलाइन्स देईल ती सेवा आणि सांगेल ती वेळ! १९९० च्या दशकाच्या आरंभी खासगी कंपन्यांना दार उघडले आणि ५ मे १९९३ रोजी जेट एअरवेजने उड्डाणे सुरू केली. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा अशी नावेही याच काळातील. वेळेवर उड्डाण, गरम जेवण आणि अदबशीर कर्मचारी या तीन गोष्टींवर जेटने सरकारी कंपनीचे प्रवासी आपल्याकडे वळवले. सेवा हेच स्पर्धेचे हत्यार ठरले.

दोन टोके

२००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने हे समीकरण उलटे केले. जेवण नको, तिकीट स्वस्त हवे, अशा प्रवाशाचा त्यांनी विचार केला. याच्या नेमक्या उलट टोकाला मे २००५ मध्ये किंगफिशर एअरलाइन्स अवतरली. प्रत्येक आसनापुढे पडदा, प्रवाशाला ‘पाहुणा’ म्हणण्याची पद्धत आणि लाल गणवेशातील कर्मचारी यांची तेव्हा मोठी चर्चा झाली. त्याच महिन्यात स्पाइसजेट, वर्षअखेरीस गोएअर आणि ४ ऑगस्ट २००६ रोजी इंडिगो अशा स्वस्त सेवा देणाऱ्या कंपन्याही आल्या.

पुढे काय झाले, हे सर्वांसमोर आहे. किंगफिशरला एकाही वर्षी नफा दाखवता आला नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात तिची विमाने जमिनीवर आली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले होते. २०१५ मध्ये सुरू झालेली व सेवेसाठी नावाजलेली विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडिया स्वतः २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे परतली होती. आज देशांतर्गत मार्गांवर जेवणासह संपूर्ण सेवा देणारी मोठी कंपनी एअर इंडिया ही एकच उरली आहे. इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा, स्पाइसजेट या कंपन्यांत खाद्यपदार्थ एरवी विकत घ्यावे लागतात. स्वस्त सेवेतही गोएअर टिकली नाही. नाव बदलून ‘गो फर्स्ट’ झालेली ही कंपनी मे २०२३ मध्ये बंद पडली. उलट इंडिगोकडे देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाटा गेला. गंमत अशी की, याच इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ऐसपैस आसनांचा वरचा वर्ग सुरू केला.

यावरून ‘चांगली सेवा देणारी कंपनी बुडते’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इंधन, कर्ज, विमानांची भाडी, इंजिनांचे प्रश्न अशी अनेक कारणे त्यामागे होती. पण जेवणाच्या ताटाची किंमत कोणीतरी मोजत असते, एवढे मात्र नक्की. ती तिकिटात दिसली नाही, तर ताळेबंदात दिसते.

तेवीस सेकंदांचा पाहुणचार

प्रवाशाला जाणवणारा रूक्षपणा पुष्कळदा कर्मचाऱ्याच्या स्वभावाचा नसून गणिताचा असतो. भारतीय नियमांनुसार दर पन्नास आसनांमागे किमान एक कर्मचारी विमानात असावा लागतो. त्यामुळे १८० आसनांच्या एअरबस ए-३२० विमानात चार कर्मचारी पुरतात आणि स्वस्त सेवेच्या कंपन्या सहसा तितकेच ठेवतात. मुंबई-गोव्यासारख्या छोट्या प्रवासात विमान वर जाऊन स्थिर झाल्यापासून खाली उतरू लागेपर्यंत समजा पस्तीस मिनिटे मिळाली. दोघांची एक जोडी आणि एक ट्रॉली अशा दोन जोड्या धरल्या, तर प्रत्येकीकडे नव्वद प्रवासी येतात. म्हणजे एका प्रवाशाच्या वाट्याला जेमतेम तेवीस सेकंद! त्यात पदार्थ द्यायचा, पैसे घ्यायचे, कचरा उचलायचा आणि वर हसायचेही.

विमान उतरल्यावर ते पुढच्या फेरीसाठी सुमारे अर्ध्या तासात तयार व्हावे, हा स्वस्त सेवेचा कणा आहे. विमान जमिनीवर उभे राहिले की कमाई थांबते. म्हणून अनेक कंपन्यांत मधल्या थांब्यावर कचरा उचलणे, पट्टे नीट लावणे ही कामेही हेच कर्मचारी करतात. दिवसात अशा तीन-चार फेऱ्या झाल्यावर शेवटच्या फेरीतील प्रवाशाला पहिल्या फेरीइतके ताजे हास्य मिळावे, ही अपेक्षा अंमळ जास्तच म्हणायची.

जेवणाच्या चवीबाबतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उडत्या विमानाच्या आतील हवेचा दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील ठिकाणाइतका असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. अशा हवेत नाक आणि जीभ मंदावतात. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी २०१० मध्ये केलेल्या प्रयोगांत मीठ आणि साखर यांची जाणीव लक्षणीय घटल्याचे आढळले होते. त्यातच अन्न जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजवून, थंड करून, विमानात पुन्हा तापवलेले असते. त्यामुळे मसालेदार भाजी-भात तरून जातो आणि सौम्य पदार्थ बेचव लागतो. गरम पाणी ओतून तयार होणारे पोहे आणि उपमा विमानात दिसू लागले, ते या अडचणीवरचे स्वस्त उत्तर आहे. त्यांना भट्टी लागत नाही आणि ते नासतही नाहीत.

मुळात त्या कशासाठी?

१५ मे १९३० रोजी एलन चर्च या अमेरिकन परिचारिकेने जगातील पहिली हवाई सेविका म्हणून उड्डाण केले. या व्यवसायाचा आरंभ परिचारिकेपासून झाला, हे विसरता कामा नये. पन्नास आसनांमागे एक हा नियम चहा वाटण्यासाठी केलेला नाही. निम्मीच दारे वापरून नव्वद सेकंदांत सारे विमान रिकामे करता आले पाहिजे, ही प्रवासी विमानाला मान्यता देतानाची अट आहे. उड्डाणाच्या वेळी खिडकीची झडप उघडी ठेवायला सांगतात, ती बाहेर आग दिसावी म्हणून. रात्री दिवे मंद करतात, ते डोळ्यांना अंधाराची सवय असावी म्हणून. आसन सरळ करायला लावतात, ते मागच्याची वाट अडू नये म्हणून. अशा क्षणी दारापाशी बसलेली सेविका हात बांधून गप्प असते, तेव्हा ती मनात पुढील कृतींची उजळणी करत असते.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. दुसऱ्या विमानातील पाच जण मृत्युमुखी पडले. पण जपान एअरलाइन्सच्या विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडले. आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती आणि कोणती उघडायची, हे कर्मचाऱ्यांनीच ठरवले. मुंबईकरांना तर वेगळे उदाहरण सांगायची गरज नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानाचे कराचीत अपहरण झाले, तेव्हा प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत यांनी प्राण दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्राने गौरवण्यात आले.

गणवेशाच्या आत

असे असूनही या व्यवसायाकडे दिखाऊपणाच्या चष्म्यातून पाहण्याची सवय कंपन्यांनाही सुटली नाही. एअर इंडियात एके काळी सेविकेने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले, पहिल्यांदा गरोदर राहिली किंवा पस्तिशी गाठली, की नोकरी संपत असे. त्याच विमानात काम करणारे पुरुष मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राहत. नर्गेश मिर्झा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली. चार वर्षांची लग्नबंदी मात्र कायम ठेवली. विमानातील पर्यवेक्षकपदी स्त्रिया बसू शकतात, यावर शिक्कामोर्तब व्हायला २०११ साल उजाडावे लागले. २०१३ मध्ये तर गोएअरने यापुढे केवळ महिलाच नेमण्याचे ठरवले. कारण काय, तर त्यांचे वजन कमी आणि म्हणून इंधनाची बचत!

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवले. त्यांत विमानातील तरुण कर्मचारी मोठ्या संख्येने होते. गणवेशातच रस्त्यावर उतरलेल्या या मुलामुलींनी राज ठाकरे यांची भेट घेतली, चोहीकडून दबाव आला आणि दोनच दिवसांत नरेश गोयल यांना निर्णय मागे घ्यावा लागला. त्या दशकात ठाणे-कल्याणसारख्या शहरांतूनही ‘एअर होस्टेस व्हा’ अशा पाट्या झळकत होत्या आणि पालक त्यासाठी भरभक्कम शुल्क मोजत होते. तेव्हाही आणि आजही एक गोष्ट खरी आहे : विमानात काम करण्यासाठी अनिवार्य असलेले सुरक्षेचे प्रशिक्षण नेमणुकीनंतर विमान कंपनीकडूनच मिळते. बाहेरच्या वर्गाचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे.

तुलना करावी ती कशी?

पहिली गोष्ट म्हणजे, तिकिटाची किंमत एकटी पाहू नये. आवडीचे आसन, जेवण, जास्तीचे सामान, तारीख बदलण्याचा आकार हे सारे मिळवून मगच दोन कंपन्यांची बरोबरी करावी. चौघांच्या कुटुंबाला पुष्कळदा ‘महाग’ तिकीटच स्वस्त पडते. तासाभराच्या प्रवासासाठी मात्र घरचा डबा आणि स्वस्त तिकीट हा सौदा वाईट नाही.

दुसरी गोष्ट, सेवेची खरी परीक्षा विमान वेळेवर असताना होत नाही. ते रखडते तेव्हा होते. हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या २०१० पासूनच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला खाणेपिणे पुरवणे कंपनीवर बंधनकारक आहे. यात स्वस्त आणि महाग असा भेद नाही. पूर्वसूचनेविना उड्डाण रद्द झाल्यास, कारण कंपनीच्या हाताबाहेरचे नसेल तर, प्रवासाच्या लांबीनुसार पाच ते दहा हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. हे हक्क ठाऊक असलेला प्रवासी खिडकीवर आवाज चढवत नाही; नियम सांगतो आणि लेखी उत्तर मागतो.

तिसरी गोष्ट, कर्मचाऱ्यांना गुण देताना हास्याबरोबर आणखी काही पाहावे. वृद्ध प्रवाशाचा पट्टा नीट लागला की नाही, हे कोणी पाहिले का? आपत्कालीन दाराशेजारी बसलेल्याला सूचना समजावून सांगितल्या का? उशिराचे कारण स्पष्ट शब्दांत सांगितले का? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तर थंड सँडविच माफ करायला हरकत नाही.

आणि शेवटी आपल्याकडेही पाहावे. चुटकी वाजवून बोलावणे, चाके टेकताच उठून उभे राहणे, सूचना चालू असताना मोठ्याने फोनवर बोलणे यांतून आपण दारापाशच्या त्या चार माणसांचे काम अवघड करतो. देशांतर्गत विमानात मद्य दिले जात नाही, तरीही अरेरावीचे प्रसंग घडतातच. निवडीसाठी कंपन्या कमी होत चालल्या असताना प्रवाशाच्या हाती दोनच गोष्टी उरतात : हक्कांची माहिती आणि वागण्यातील सभ्यता. पहिलीमुळे कंपनी ताळ्यावर राहते, आणि दुसरीमुळे दिवसाच्या चौथ्या फेरीतील सेविकेला आपले मूळ काम नीट करता येते.