पाठीचा ड्रेन

स्तन काढल्यावर पुनर्रचनेची एक पद्धत अशी: पाठीचा रुंद स्नायू वरच्या कातडीसकट सोडवायचा आणि रक्तवाहिन्या न तोडता काखेखालून पुढे फिरवायचा. ताईचं हेच ऑपरेशन झालं. भेटायला येणारे सगळे छातीची चौकशी करत. दमवलं ते पाठीने.

घरी आली ती दोन ड्रेन घेऊन. नळीच्या टोकाला घड्या पडणारी प्लास्टिकची बाटली. ती दाबून बूच लावलं की पुन्हा उघडू पाहते आणि जखमेतलं पाणी ओढून घेते. रोज सकाळी ठरल्या वेळी हात धुऊन नळीची क्लिप बंद करायची, बाटली मापाच्या कपात रिकामी करायची, आकडा वहीत लिहायचा. छातीचा वेगळा, पाठीचा वेगळा. मग बाटली दाबायची, दाबलेलीच धरून बूच लावायचं आणि क्लिप उघडायची. बूच सैल राहिलं तर आत नुसती हवा भरते, आणि आज काहीच आलं नाही म्हणून घरचे खूश! डिस्चार्ज कार्डावर ‘ड्रेनची काळजी समजावली’ एवढंच होतं. खरं शिकवलं ते ड्यूटी संपल्यावर थांबलेल्या एका सिस्टरने. गुठळी अडकली तर नळी कातडीजवळ एका हाताने घट्ट धरायची, म्हणजे टाका ओढला जात नाही. दुसऱ्या हाताची बोटं सॅनिटायझरने ओली करून नळी दाबत खाली न्यायची.

लाल पाणी गुलाबी झालं, मग पिवळसर. चोवीस तासांत ३० एमएलच्या आत, तेही सलग दोन दिवस, की ड्रेन काढायचा, असा साधारण हिशेब. छातीचा निघाला. पाठीचा आकडा हटेना. स्नायू उचलल्यावर तिथे मोठी पोकळी राहते आणि हात हलला की वरची कातडी खालच्या थरावर सरकते. म्हणून काही सर्जन गोधडीसारखे आतून टाके घालतात. ताईने ज्या दिवशी फळीवरचा डबा काढला, त्या दिवशी आकडा वाढलेला वहीत स्पष्ट दिसला. ड्रेन लवकर काढावा तर पाणी साठतं, ठेवावा तर जंतूंना वाट मिळते. ‘अजून नळी आहे?’ विचारणाऱ्यांना हे कोण सांगणार!

नळी निघाली आणि पाठीत पाणी डुचमळायला लागलं. सिरोमा. डॉक्टरांनी सिरिंजने ओढून काढलं. तिथली कातडी बधिर, त्यामुळे ताई गप्पा मारत बसली होती. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, दर वेळी कमी. छातीत कृत्रिम इम्प्लान्ट असेल आणि पाणी तिथे साठलं तर मात्र अंदाजाने सुई घालत नाहीत, सोनोग्राफीत बघून घालतात. ताप, लाली, गढूळ किंवा वास येणारं पाणी, बाटलीत एकाएकी ताजं रक्त, पुढे आणलेली कातडी काळी-निळी पडणं: यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

इम्प्लान्टवाल्या बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बऱ्याच वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली, तर ते पाणी तपासायला पाठवायला सांगायचं. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लान्टभोवती क्वचित एका प्रकारचा कॅन्सर, लिम्फोमा, होतो आणि तो बहुधा असाच उघड होतो. त्याच कारणाने अ‍ॅलर्गन कंपनीने २०१९ मध्ये आपले तसले इम्प्लान्ट जगभरातून परत मागवले.