लशीनंतरचा लाल डोळा

लस समजून घेताना : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण ताप आणि दंडावरची सूज पाहिली. तो त्रास पुष्कळांना होतो, त्यामुळे लगेच लक्षात येतो. लाखात एखाद्याला होणारा त्रास मात्र सहज निसटतो. युव्हायटिस हा तसाच.

युव्हिया हा डोळ्याचा मधला, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा त्याचाच भाग. या थराला सूज आली की डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसते. घरी मात्र ‘डोळे आलेत’ म्हणून मागच्या वेळचे उरलेले थेंब घातले जातात. डोळे येतात तेव्हा चिपडे धरतात. इथे ती सहसा नसतात, ठणका असतो. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी बहुतेकांची सूज उतरते. दुखणे अंगावर काढले, तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊन नजरही जाऊ शकते.

आता ही सूज लशीमुळे आली, हे ठरवायचे कसे? लस न घेताही दर लाख लोकांत वर्षाला साधारण 17 ते 52 जणांना युव्हायटिस होतो. समजा, एक कोटी लोकांनी लस घेतली. लाखात 20 रुग्ण धरले, तरी त्यांच्यापैकी वर्षात 2,000 आणि लशीनंतरच्या तीन आठवड्यांत सुमारे 115 जणांना हा आजार एरवीही झालाच असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ती अशी. म्हणून मोजायचे ते एवढेच, की 115 च्या जागी 200 दिसतात का?

इस्रायलमध्ये फायझरची कोविड लस घेतलेल्या सुमारे 26 लाख लोकांच्या बाबतीत हे मोजले गेले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या मात्रेनंतर अपेक्षेपेक्षा लाखामागे साधारण एक रुग्ण जास्त आढळला. धोका अगदी लहान, पण नोंदी होत्या म्हणूनच तो मोजता आला.

थोड्या नोंदींनाही किती वजन असते, हे 1999 मध्ये अमेरिकेत दिसले. रोटाशील्ड ही लस घेतलेल्या बाळांमध्ये आतड्यात आतडे अडकल्याच्या 15 नोंदी ‘व्हेअर्स’ या यंत्रणेकडे जमल्या. जुलैमध्ये ती लस देणे थांबवले गेले, ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली.

आपल्याकडे लस जिथे घेतली त्या आरोग्य केंद्रात किंवा 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर असा त्रास कळवता येतो. कारण शोधणे तज्ज्ञांचे काम, कळवणे आपले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात, तर अलीकडे घेतलेल्या लशीची तारीख आवर्जून सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. त्या एका ओळीवाचून तुमचा लाल डोळा कुठल्याच मोजणीत येणार नाही.

(पुढील आठवड्यात : नोंद आल्यावर तज्ज्ञ समिती काय तपासते?)